स्वयंपाकघरातल्या खिळ्यासाठी घड्याळ

अप्पा,

आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्यावर पुन्हा घड्याळ लागलं. तोच खिळा, रेडिओच्या फळीच्या वरचा, ज्याला तुम्ही कामावरून आलात की मनगटावरचं घड्याळ अडकवायचात आणि मग हातपाय धुवायला जायचात. फळी गेली, रेडिओ गेला, भिंतीला पांढऱ्या टाइल लागल्या, पण टाइल बसवणाऱ्या गवंड्याला आईनं तो खिळा काही काढू दिला नाही. त्यानं बिचाऱ्यानं खिळ्याभोवती टाइल कापून बसवली आणि जाताना मला म्हणाला, "ताई, म्हातारी लई खमकी हाय." मी म्हटलं, मला सांगताय होय.

घड्याळ मी स्वतः जोडलंय. त्याला चावी नाही आणि काटेही नाहीत. लाल आकडे आहेत, आईला पाटावर बसल्या बसल्या दिसतील एवढे मोठे. वेळ ते स्वतःच्या मनानं सांगत नाही. आपल्या डोक्यावरून उपग्रह फिरत असतात, त्यांच्या पोटात अतिशय अचूक घड्याळं असतात, आणि ते अष्टौप्रहर खाली सांगत असतात की आता इतके वाजले, आता इतके वाजले. ते सांगणं ऐकणारा एक लहानसा तुकडा मिळतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याला जीपीएस रिसीव्हर म्हणतात. लोक तो रस्ता शोधायला वापरतात, मी वेळ बघायला वापरला. अडचण एकच होती. या तुकड्याला आभाळ दिसावं लागतं, आणि आपला खिळा आहे घराच्या सगळ्यात आतल्या भिंतीवर, स्लॅबच्या खाली. तेव्हा घरात बसून आभाळाचं ऐकेल असा रिसीव्हर निवडणं हे खरं काम होतं. त्यात माझे तीन महिने गेले, आणि ते कसे गेले हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी घड्याळ का करावं लागलं ते सांगते. आईला आता तीन वेळा गोळ्या असतात. आणि तुम्हाला माहीत आहे, त्या वर्षापासून तिचा घड्याळावरचा विश्वास उडाला तो उडालाच. भिंतीवर मी दोन घड्याळं आणून लावली, तिनं ती शोभेला ठेवली. गोळीची वेळ झाली का हे ती दूधवाल्याला विचारते, मग टीव्हीवर बघते, मग मला कारखान्यात फोन करते. तिघांचं जुळलं की गोळी. गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी तिघांचं जुळलं नाही, दूधवाला आला नव्हता आणि वीजही नव्हती, आणि मी मीटिंगमध्ये होते. गोळी राहिली. संध्याकाळी मी आले तर ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली, कपाळाला घाम. मी चिडले, खरं म्हणजे घाबरले. म्हटलं, "असं घड्याळ आणते की ते चुकूच शकणार नाही. मग तरी बघशील का?" ती म्हणाली, "बघीन की. पन त्याच खिळ्याला लाव. तुझ्या अप्पाचं तिथंच असायचं." झालं. तेव्हाच काम अवघड झालं.

कारखान्यातला माझा सहकारी म्हणाला, "मॅडम, मोबाइलमध्ये वेळ दिसते की, एवढा खटाटोप कशाला?" त्याला काय सांगणार? आई मोबाइल उलटा धरते. इंटरनेटवरून वेळ घेणारं घड्याळ केलं तर वीज गेली की तेही मुकं होतं. शिवाय मी वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मापयंत्रं तपासते. कुणाचा काटा किती खोटं बोलतो ते शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि माझ्या टेबलावरून खोटं बोलून एकही यंत्र पुढं गेलेलं नाही. मला मागून लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते फारसं चुकीचंही नाही. मला दुसऱ्याच्या तोंडून आलेली वेळ नको होती, मुळातली हवी होती.

पहिला रिसीव्हर मी क्रांती चौकाच्या पुढच्या एका दुकानातून आणला. दुकानदार गोरेपान म्हातारे, भिंगातून बघत बोलणारे. मी म्हटलं, घरात चालणारा पाहिजे. त्यांनी भिंग काढून माझ्याकडं पाहिलं. "बाजी, इसकू आसमान दिखना पडता. घर में नक्को लगाओ, आंगन में लगाओ." मी म्हटलं, अंगणात आईच्या गोळ्या नसतात. ते हसले आणि म्हणाले, "ले जाओ, नई चला तो वापस लाओ." नाहीच चालला. गच्चीवर एका मिनिटात त्याला आठ-नऊ उपग्रह सापडले, उंबऱ्यात तीन, आणि खिळ्यापाशी एकही नाही. नुसता दिवा लुकलुकत राहिला. तुम्ही आता आपली गल्ली ओळखणार नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढलेत, समोरच्यानं गच्चीवर पत्राही टाकलाय, आणि आपल्या अंगणातून वर पाहिलं तर लुगड्याच्या काठाएवढं आभाळ दिसतं. शहराचं नावसुद्धा बदललं, नव्या पाट्या लागल्या. पाणी मात्र अजून पाळीनंच येतं. तेव्हा चार दिवसांनी यायचं, आता आठ दिवसांनी.

दुसरा रिसीव्हर जास्त तिखट कानाचा होता, आणि त्याला लांब वायरीचा अँटेना जोडता यायचा. अँटेना खिडकीत, घड्याळ खिळ्यावर. पण खिडकी उघडते ती शेजारच्यांच्या भिंतीवर, आणि मधली वायर जाते आईच्या डोक्यावरून. आईनं एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवशी मी आले तर वायरीवर फडकी वाळत घातलेली. "दोरी बांधलीच हाय तर म्हनलं वापरावी," म्हणाली. मी वायर गुंडाळून ठेवली.

पण या दुसऱ्यामुळं मला एक गोष्ट कळली. आभाळातला आवाज पहिल्यांदा पकडायला तो बराच मोठा असावा लागतो. एकदा पकडला की तो अगदी बारीक झाला तरी रिसीव्हर तो सोडत नाही. गच्चीवर लावून, बॅटरीवर चालू ठेवून मी तो खाली आणला, तर खिळ्यापाशीसुद्धा त्यानं दोन उपग्रह धरून ठेवले. हे वाचून शिकण्याआधी मी तुमच्याकडं पाहून शिकले होते, हे मला तेव्हा आठवलं. नळाला पाणी सोडताना तुम्ही कमरेपर्यंत उंच ती लोखंडी चावी रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर बसवायचात आणि चावीच्या दांडीला कान लावायचात. "पहिल्यांदा ऐकायला शांतता लागती. एकदा पाण्याचा आवाज कानात बसला की मंग बाजार भरला तरी ऐकू येतो." मीही कान लावायचे. मला लोखंडाचा गारवा तेवढा लागायचा.

ज्या वर्षी मी आठवीत होते, त्या वर्षी आणि त्याच्या आधीच्या वर्षी पाऊस असा झालाच नाही. धरण तळाला गेलं होतं. तुम्ही लाइनमन, छावणीच्या मागच्या चढावरच्या सात गल्ल्यांना पाणी सोडायचं काम तुमचं, आणि व्हॉल्व्ह आपल्याच दारासमोर, पहिल्या गल्लीच्या तोंडाशी. पाणी मोजून एक तास. सकाळी छावणीत बिगुल वाजला की तुम्ही चावी फिरवायचात, तेव्हा सहा वाजलेले असायचे. आणि मनगटावर सात वाजले की बंद. सोडायला बिगुल, बंद करायला घड्याळ, हा तुमचा नेम होता. त्यातली खुबी अशी की तुमचं घड्याळ बारा मिनिटं मागं असायचं. खालच्या गल्ल्यांची भांडी भरून पाणी सातव्या गल्लीपर्यंत चढायला तेवढा वेळ लागायचा, आणि तुम्ही तो वेळ मनगटावर बांधून ठेवला होता. फेरीवर साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "अजून चालू कसं?", तर तुम्ही हात पुढं करायचात. "माझ्यात सातला कमी हाय साहेब." त्यात एक अक्षर खोटं नसायचं. हे बारा मिनिटांचं कारण मला पुढं कधीतरी कळलं. तेव्हा माझ्या लेखी ते एक चुकीचं घड्याळ होतं.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या आठवड्यात वर्गात सांगितलं होतं की बातम्यांच्या आधी रेडिओवर जे ठोके पडतात त्यांतला शेवटचा ठोका म्हणजे खरी वेळ, देशभरात एकच. मला तेव्हा असं काही कळलं की ते घरी येऊन लगेच करून बघायचं असायचं. संध्याकाळी सातच्या बातम्या, तुम्ही बाहेर पाय धुताय, घड्याळ खिळ्याला. मी पिठाच्या डब्यावर चढते आहे, चावीचं बटण बाहेर ओढते आहे, आणि शेवटच्या ठोक्याला ते आत दाबते आहे. किती आनंद झाला होता मला! सबंध देशाबरोबर तुमचं घड्याळ मिळवून मी डब्यावरून उतरले, आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या लक्षात येईल आणि तुम्ही म्हणाल, वा, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपली पाळी होती. बिगुल झाला, तुम्ही पाणी सोडलंत, आणि सात वाजता, अगदी देशाच्या सात वाजता, बंद केलंत. सातव्या गल्लीत नळाला नुसता फसफस वारा आला. आठ वाजायच्या आत बायका आपल्या दारात होत्या. त्यांच्यातली एक थोराड म्हातारी होती, तिच्या घरात सून बाळंत झालेली. तिनं रिकामा हंडा आपल्या उंबऱ्यावर पालथा घातला आणि तुम्हाला म्हणाली, "लाइनमन, तुज्या घरात पिंप भरलं नव्हं? मंग झालं तर." बाकीच्या तर काय काय बोलल्या. तुम्ही हंडा सुलटा केलात, आपल्या पिंपात बुडवलात, सायकलीला दोन्ही बाजूंनी हंडे लावलेत आणि चढावर निघालात. चार खेपांत आपलं पिंप रिकामं झालं. आई म्हणाली, "आता आपुन काय प्यायचं? चार दीस काढायचे हायेत." तुम्ही म्हणालात, "काढू." मी ते चार दिवस न धुतलेल्या परकरात शाळेत गेले.

चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. घड्याळ पुन्हा पुढं गेलं. या वेळी पाणी बंद केल्यावर तुम्हाला शंका आली, तुम्ही उन्हाकडं पाहिलंत, चढावरून हाक आली, आणि तुम्ही चावी पुन्हा बसवून बंद केलेलं पाणी सोडलंत. नेमके तेव्हाच साहेब फेरीवर आले. मी दारात उभी होते. "बंद केलेली लाइन कुणाच्या हुकमानं सोडली?" तुम्ही म्हणालात, "घड्याळ पुढं गेलं साहेब माझं." साहेबांनी तुमचं मनगट हातात धरलं, शेजारी आपलं मनगट लावलं, आणि म्हणाले, "घड्याळ तर बरोबर आहे." बस, एवढंच बोलले. महिन्याच्या आत तुम्हाला पैठण रोडच्या पंपहाउसवर टाकलं. सात वर्षं तुम्ही आठवड्यातून एकदा घरी येत होतात.

त्याआधी तुम्ही ते घड्याळ गुलमंडीच्या घड्याळजीकडं घेऊन गेलात, मला बरोबर नेलंत. त्यांनी ते उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, चार दिवस ठेवून घेतलं. आपण परत गेलो तर म्हणाले, "भाऊ, इसमें कुछ खराबी नई. एकदम बराबर चलता." तुम्ही मान हलवलीत आणि घड्याळ खिशात टाकलंत. मनगटावर ते पुन्हा बांधलेलं मी पाहिलं नाही. खिळा तेव्हापासून रिकामा.

पंपहाउसवर मी रविवारी डबा घेऊन यायचे. एकदा तुमच्या वहीतल्या मीटरच्या आकड्यांत मी चूक काढली, आणि ती कशी आहे हे तुम्हाला तीनदा समजावून सांगितलं. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "बरोबर तर तू हायसच. आता जेव." तुम्ही मला आयुष्यात रागावलात म्हणजे एवढंच, आणि मला त्याचा फार राग आला होता. मग डिप्लोमा झाला, वाळूजला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी निघताना तुम्ही ट्रंकेतून ते घड्याळ काढलंत आणि माझ्या हातावर ठेवलंत. "घे. तुझ्याकडं हे बरोबर चालंल." मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर काही नव्हतं. बावीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, मी अजून त्या वाक्याचा काटा तपासते आहे.

तिसऱ्या रिसीव्हरकडं येते. तो इथं मिळाला नाही, कुरियरनं मागवला. तो रस्ता दाखवणाऱ्यांतला नाही, खास वेळेसाठी केलेला आहे. त्याचं असं आहे की साध्या रिसीव्हरला आपण कुठं आहोत हेही शोधायचं असतं, म्हणून त्याला निदान चार उपग्रह लागतात. पण तुम्ही जागेवरून हलणार नसाल आणि ती जागा एकदा त्याला पक्की शिकवली, तर त्यानंतर वेळ कळायला त्याला एकच उपग्रह पुरतो. एकच! मी हे वाचलं आणि टेबलावर हात आपटला. आपला खिळा कुठं हलणार आहे? कागदपत्रातल्या मोठ्या मोठ्या आकड्यांपेक्षा हीच एक ओळ बघून मी तो घेतला, आणि आता कुणी मला विचारलं की घरातल्या घड्याळाला कुठला रिसीव्हर घेऊ, तर मी दुसरं काही सांगणार नाही.

त्याला जागा शिकवायला पुरा एक दिवस गच्चीवर ठेवावं लागलं. मी रजा टाकून छत्री घेऊन शेजारी बसले, कबुतरं हाकायला. खालून आईचा आवाज, "अगं, कुरडया घातल्यात का वर?" म्हटलं, व्हय, वाळल्या की आणते. गंमत बघा अप्पा, उपग्रहांची वेळ आपल्या वेळेपेक्षा काही सेकंद पुढं असते. मुद्दाम तशी चालू ठेवलेली आहे. त्यातून किती सेकंद वजा करायचे याची चिठ्ठी ते बरोबर पाठवतात, पण सगळा मजकूर पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर घड्याळ सेकंदांचं चुकू शकतं. साडेबारा मिनिटं थांबल्याशिवाय खरं कळत नाही. मी छत्रीखाली घड्याळ लावून तेवढी मिनिटं मोजली. मला सातवी गल्ली आठवली.

उन्हं कलल्यावर शेजारून विस्तव आणावा तशी दोन्ही हातांत धरून मी घड्याळाची पेटी जिन्यावरून खाली आणली, बॅटरी चालूच ठेवून, एकेक पायरी. दहा फूट खाली आणल्यानं त्याच्या हिशेबात बारीकसा फरक पडतो, पण तो आईच्या गोळीला जाणवेल असा नाही. खिळ्याला अडकवलं. एक उपग्रह गेला, दोन गेले, सगळे गेले आणि दिवा लुकलुकायला लागला. मी हलले नाही. मग समोरच्यांच्या पत्र्याच्या कुठल्या फटीतून कोण जाणे, एक परत आला आणि दिवा स्थिर झाला. आज तीन आठवडे झाले. अधूनमधून तोही जातो, पण घड्याळ तेवढा वेळ स्वतःच्या बळावर काढतं. कारखान्यातल्या मोजणीशी मी ते चारदा ताडून पाहिलं. सेकंदाचासुद्धा फरक नाही.

आई पाटावर बसून आकड्यांकडं बघत होती. म्हणाली, "बरोबर हाय?"

"सेकंदाचा फरक नाय."

"मंग तुझ्या अप्पाच्या कामाचं नाय," म्हणाली आणि हसली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. इतकी वर्षं जे तोंडात आलं नव्हतं ते तेव्हा आलं, कदाचित घड्याळ चाललं याचा आनंद अंगात होता म्हणून. म्हटलं, "आई, अप्पांचं घड्याळ मी लावलं होतं. रेडिओवर. म्हणून ते पुढं गेलं. म्हणून सगळं झालं."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "तू डब्यावर चढलीस तवा मी दारातच भाजी निवडत व्हते. दुसऱ्या दिवशी बायका भांडून गेल्यावर संध्याकाळी तुझ्या अप्पाला सांगितलं. मी तर तुला दोन देनार व्हते. ते म्हनाले, पोरीला बोलू नको. तिचं बरोबर हाय, माझंच मुद्दाम चुकीचं व्हतं. आन मंग ती बारा मिनिटं मला समजावून सांगत बसले. खुलताबादला मेंढरं पाजायला न्यायचे ना ल्हानपनी. शेवटच्या मेंढरानं डोकं वर केल्याबिगर त्यांचा बाप कळप हलवू द्यायचा नाय. म्हनाले, मला तेवढंच येतं. घड्याळ पुन्हा मागं घेतलं आन खिळ्याला लावलं."

मी तिचा हात धरून रडले, अप्पा. चाळीस वर्षांचं ओझं असं भाजी निवडता निवडता कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं आणि मला माहीतच नव्हतं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दुसऱ्या खेपेला मातर काय झालं ते कळलं नाय. ते म्हनायचे, घड्याळच म्हातारं झालं. तवापासून माझा तर कशावर इश्वास नाय." मी डोळे पुसले आणि आकड्यांकडं बघून म्हटलं, "गोळीची वेळ झाली." तिनं वर पाहिलं, कुणाला फोन केला नाही, आणि गोळी घेतली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, हे मला कळतं. आई वाचू शकत नाही, म्हणून ते घड्याळाच्या पेटीत, बॅटरीच्या मागं ठेवणार आहे. ठेवण्याआधी सवयीप्रमाणं एकदा तपासलं, तर त्यात एक चूक सापडली. वर मी लिहिलंय की बारा मिनिटांचं कारण मला पुढं कधीतरी कळलं. ते खरं नाही, आणि ओझं उतरल्याचं मला माहीतच नव्हतं, हेही खरं नाही. तुम्ही आईला समजावून सांगत होतात तेव्हा मी दाराच्या मागं उभी होते. सातवी गल्ली, शेवटचं मेंढरू, सगळं मी ऐकलं. तरी पुढच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा डब्यावर चढले. त्या बायका तुम्हाला आपल्या दारात बोलल्या होत्या, आणि आपलं पिंप त्यांच्या घरात गेलं होतं. त्यांना पाणी मिळू द्यायचं नव्हतं मला. रेडिओचे ठोके नुसते निमित्ताला होते. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. घड्याळ म्हातारं झालं नव्हतं, अप्पा. दुसऱ्यांदाही मीच लावलं.